दम वाढवणाऱ्या सिस्टर

जाफराबादला आमच्या शेजारी दवाखान्यातल्या एक सिस्टर राहायच्या. चाळिशीनंतर त्यांनी भलताच व्यायाम धरला. पदर खोचून ट्रॅक्टरचा जुना टायर उलथायच्या, लगेच वाळूचं पोतं खांद्यावर घेऊन पळायच्या. गल्ली हसायची.

"हे काय हो सिस्टर?"

"दम वाढवून राह्यले, भाऊ."

एकदा धावड्याहून सिस्टरांसोबत येताना आमची जीप ओढ्यात बंद पडली. आत कळा सुरू झालेली एक पोर होती आणि पाणी चढत होतं. आम्ही पुरुष नुसतेच बोलत राहिलो. सिस्टरांनी तिला दोन्ही हातांवर उचललं आणि कमरेएवढ्या पाण्यातून न थांबता पलीकडं नेलं.

पोरीची सासू रडत त्यांच्या पाया पडली.

"पाय सोडा मावशी," सिस्टर धापा टाकत म्हणाल्या, "जल्दी दुसरी गाडी थांबवा."