बाबांचे पुढचे दात

कोलकात्यातल्या मराठी मंडळींनो, आज बाबांना खिदिरपूरच्या डेंटिस्टकडे नेलं होतं. हिरड्यांच्या आजाराने त्यांचे पुढचे सगळे दात हलायला लागलेत. डॉक्टर एक्स-रे बघून म्हणाले, "हाड झिजलंय. इम्प्लांट टिकणार नाही. दात काढून कवळीच बसवावी लागेल."

बाबा मला हळूच म्हणाले, "विचार गं, बासरी वाजवता येईल का?" आई गेल्यापासून तेवढीच त्यांना सोबत आहे.

मी हिंदीत विचारलं. "जेवता नक्की येईल," एवढंच डॉक्टर म्हणाले.

बाबांनी मान हलवली आणि दात काढायला पुढच्या आठवड्यातली वेळ घेतली.

घरी आल्यापासून ते गॅलरीत वाजवत बसलेत. जेवायला हाक मारायचा धीर होत नाही.

कवळी लावून बासरी वाजवणारं कुणी तुमच्या ओळखीत आहे का?