टप्प्याटप्प्यानं

शिक्रापूरला आमच्या शेजारी राहणारे सुपरवायझर कंपनीतून प्रोजेक्ट मॅनेजमेंटचं ट्रेनिंग घेऊन आले आणि घरातलं प्रत्येक काम टप्प्याटप्प्यानं करू लागले. टप्पा संपला की थांबून विचारायचं, "पुढं जायचं का थांबायचं?"

भिंत रंगवतानाही त्यांनी बायकोला असंच विचारलं.

"मंग काय, निम्मी भिंत तशीच ठिवता व्हय?" ती म्हणाली.

मुलीच्या साखरपुड्यात अंगठी घालायच्या आधी ते उठून उभे राहिले. आम्ही हसू दाबलं. त्यांनी थेट मुलीलाच विचारलं.

"थांबायचं, पप्पा," ती हळूच म्हणाली.

नवऱ्या मुलाचे मामा भडकले. सुपरवायझरांनी हात जोडले, "चूक माझी हाय, मामा. हिला पहिल्याच टप्प्याला विचारायला पाहिजे व्हतं. पन जेवान तयार हाय, जेवून जावा."