पाठ कुणाची टेकली होती

गाव सोडलं त्या सकाळी राहात्याच्या स्टँडवर गावचे पुढारी नाना हार आणि नारळ घेऊन हजर होते. मागे फ्लेक्स लावलेला, 'गावची कन्या निघाली जपानला.' त्यावर माझा फोटो पासपोर्टला लावतात तेवढा आणि नानांचा, फेट्यातला, हात जोडलेला, माझ्या चौपट. आई रडत होती, आप्पा बॅग गाडीत चढवत होते आणि मी त्या नारळाकडे बघत होते. नानांच्या हातून मिळालेला हा दुसरा. तो मी सीटखाली सरकवला आणि मुंबईत उतरताना मुद्दाम तिथेच सोडला.

पहिल्या नारळाचं गावातल्या तुम्हां सगळ्यांना ठाऊक आहे, फक्त कुणी बोलत नाही. माझ्यासारखे जे बाहेर पडले त्यांच्यासाठी सांगते. आप्पा पेरूच्या बागांत मजुरीला जायचे. बुद्धविहारामागच्या मोकळ्या जागेत त्यांनी माझ्यासाठी आखाडा केला होता. मातीत ताक, हळद, तेल, लिंबू कालवायचे. घरातल्या माणसांपेक्षा मातीच जास्त ताक पिते, म्हणून आई कुरकुरायची.

मी सतरा वर्षांची असताना जत्रेत पहिल्यांदा मुलींची कुस्ती लागली. माझ्यासमोर नानांची भाची, तालुक्याच्या तालमीतली. पंच नाना, आणि माईकही नानांच्याच हातात. थोडी झटापट झाली आणि मी तिला ढाक लावून खाली घेतलं. दोन्ही खांदे मातीला टेकले, अख्ख्या गावाने बघितले. नानांनी मला मानेला धरून ओढून काढलं आणि माईकवर म्हणाले, "लेकीबाळींची कुस्ती! दोघीबी जिंकल्या!" लोक हसले, टाळ्या पडल्या. जिंकणाऱ्याचा फेटा घडी घालून पेटीत गेला आणि आम्हां दोघींच्या हातात एकेक नारळ आला.

घरी येताना आप्पा एवढंच म्हणाले, "पाठ कुनाची टेकली ते मातीला ठावं हाय." मला नानांपेक्षा आप्पांचाच जास्त राग आला. माती बोलत नाही, आप्पा, माईक बोलतो. त्यानंतर मी आखाड्यात पाय ठेवला नाही. नर्सिंग केलं, जपानी शिकले. डोक्यात तो राग नसता तर ती चित्रांसारखी अक्षरं मला जन्मात पाठ झाली नसती.

इथे ओसाकात मी म्हाताऱ्या माणसांची देखभाल करते. तनाका आजी ब्याऐंशी वर्षांच्या, व्हीलचेअरवर, आणि बायकांच्या कुस्तीच्या वेड्या. एका रविवारी त्यांना शो बघायला न्यायची ड्यूटी माझ्यावर आली. लहानसा हॉल, दोऱ्यांचा चौकोन, रंगवलेले केस, चमचम कपडे. मातीचा वासही नाही, तेव्हा ही कसली कुस्ती, असं म्हणून मी नाक मुरडून बसले. तेवढ्यात एकीची पाठ टेकली आणि मी ताडकन उठून मराठीत ओरडले, "झाली! चितपट!" सगळा हॉल माझ्याकडे बघायला लागला. आजींनी बाही ओढून मला खाली बसवलं. इथे पाठ टेकली म्हणून संपत नाही. पंच हात आपटून तीन मोजतो, आणि तोवर खांदा उचलता येतो.

मग पंचाची पाठ वळली आणि काळ्या कपड्यांतलीने दुसरीला खुर्ची हाणून डाव जिंकला. मी पुन्हा उठून पंचाला हाका मारायला लागले. आजी हसल्या. म्हणाल्या, अगं, हे आधीच ठरलेलं असतं, दोघींनाही सांगितलेलं असतं. मी म्हटलं, आमच्याकडेही ठरलेलंच होतं, फक्त मला सांगितलं नव्हतं.

पण खरं पुढेच होतं. हरलेली उठली, धापा टाकत तिने माईक मागितला आणि म्हणाली, "पुढच्या महिन्यात, इथेच, तू आणि मी." हरलेलीच्या हातात माईक! मी असं कधी बघितलं नव्हतं. पुढच्या महिन्यात सुट्टी घेऊन मी स्वतःच्या तिकिटावर गेले. तिने काळ्या कपड्यांतलीला आडवी केली आणि मी हॉलभर ऐकू जाईल इतकी रडले. तेव्हापासून मी एकही शो चुकवत नाही.

यंदा जत्रेआधी नानांचा फोन आला. "पोरी, आमच्या प्राजूचं तिकडं बघ की. तुज्या शब्दाला लई वजन हाय म्हनं." प्राजू म्हणजे प्राजक्ता, त्यांची नात, नर्सिंग झालेली. मी म्हटलं, "जत्रेत माईकवर त्या कुस्तीचा खरा निकाल सांगा, नाना. मग बघू."

"आगं, किती वर्सं झाली त्याला!"

"अजून तीन मोजून झाले नाहीत."

ते त्यांना कळलं नाही आणि मीही समजावलं नाही. आई म्हणाली, त्या पोरीचा यात काय दोष? काहीच नाही. पण मला सूड हवा होता, आणि तो त्याच माईकवरून हवा होता.

जत्रेच्या दिवशी प्राजक्ताने हसत हसत मला व्हिडिओ कॉल लावला आणि आखाड्याच्या कडेला मोबाईल धरला. इकडे मी आणि तनाका आजी पडद्याला चिकटून बसलो. नाना माईकवर खाकरले. "मुलींची पयली कुस्ती झाल्ती... ती आप्पाच्या पोरीनं मारली हुती. पाठ आमच्या भाचीची टेकली हुती." या वेळी कुणी हसलं नाही. नानांनी स्वतःच्या हाताने आप्पांना फेटा बांधला. आप्पा वाकले नाहीत, त्यामुळे नानांना टाचा उचलाव्या लागल्या. मला फार बरं वाटलं. माफ केलं असं मी म्हणणार नाही.

नवीन आलेल्या मुली विचारतात, ताई, गावची आठवण येते का? घर म्हणजे माझ्यासाठी इतकी वर्षं एक अडवून ठेवलेला निकाल होता. तो लागला, आता मी सुट्टीत येईन. स्टँडवर नारळ मात्र कुणी आणू नका.

आणि नाना, हे तुम्हीही वाचाल म्हणून सांगते. प्राजक्ताचं नाव मी इथे माझ्या संस्थेत तुमचा फोन यायच्या महिनाभर आधीच दिलं होतं. तिची निवडही झाली होती. मोबाईल धरून ती हसत होती ते त्यामुळेच. सगळं आधीच ठरलं होतं, तुम्हाला तेवढं सांगितलं नव्हतं.