पडवीतला अकरावा दिवस

जळकोटच्या आमच्या घरी बाईला कावळा शिवला की तिनं तीन दिवस गोठ्याशेजारच्या पडवीत बसायचं आणि चौथ्या दिवशी डोक्यावरून पाणी घेऊन घरात यायचं. सगळ्या बायकांचं चार दिवसांत आटपायचं. माझं अकरा-बारा दिवस थांबत नसे. लग्नानंतरची कितीतरी वर्षं निम्मा महिना मी एक वाकळ, एक ताट आणि दोन बैलांच्या सोबतीनं काढला. बैल बरे होते, ते तोंड फिरवत नसत.

"हिच्या कावळ्यानं आमच्याच आढ्याला घरटं बांधलंय जणू," असं सासूबाई शेजारणींना सांगायच्या. त्यांना मी आत्याबाई म्हणायची. शेजारणी हसायच्या. मीही हसायची, आणि मग भिंतीकडं तोंड करून रडायची.

माझी मुलगी तेव्हा दोन वर्षांची होती. उंबऱ्यात उभी राहून माझ्याकडं हात पसरायची. "शिवू नगं तिला, इटाळ हाय," म्हणत आत्याबाई तिला मागं ओढायच्या. एकदा मला राहवलंच नाही. चौथ्या दिवशी थांबलं म्हणून खोटं सांगितलं, न्हाले, घरात आले आणि मुलीला पोटाशी धरलं. दुपारी भाकरी थापताना लुगडं भिजलं. सगळी भांडी पुन्हा घासली गेली, देव पुन्हा धुतले गेले. आत्याबाई महिनाभर माझ्याशी बोलल्या नाहीत.

पुढं सोलापूरला जाऊन एक दाढ काढली आणि दोन दिवस तोंडातलं रक्त थांबेना. तिथल्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी माझ्या कानाच्या पाळीला सुई टोचली. घड्याळाकडं बघत ते थेंबाला टिपकागद लावत राहिले. कागदावर लाल ठिपक्यांची रांग लांबतच गेली.

"पाळी किती दिवस असते?" त्यांनी विचारलं. हे मला कुणी पहिल्यांदाच विचारत होतं. मी खाली बघून सांगितलं.

"रक्त गोठायला त्यात काही घटक लागतात," ते म्हणाले. "त्यातला एखादा तुमच्यात जन्मापासून कमी असावा. यात तुमचा काही दोष नाही. मात्र मुलीतही हे उतरू शकतं."

दोष नाही, एवढ्या शब्दांवर मी एसटीत नळदुर्गपर्यंत रडले. त्यानंतर मुलीचं आठवलं आणि रडूही आटलं.

घरी सगळं सांगितलं. "डागदरला कळतंय, मग देवाला कळत न्हाय व्हय?" आत्याबाई म्हणाल्या.

मुलगी तेराव्या वर्षी पडवीत बसली. चौथा दिवस गेला, सातवा गेला. डॉक्टरांचं बोलणं पाठ असूनही मी दहा दिवस तिच्या ताटात लांबूनच भाकरी टाकली. त्याची लाज आजही वाटते. अकराव्या दिवशी ती मान वर न करता म्हणाली, "माय, थांबंना गं. म्या काय केलंय?"

मी पडवीत उतरले आणि तिच्या वाकळेवर जाऊन बसले. ती अंग चोरून भिंतीकडं सरकली. "शिवू नगं, माय," म्हणाली. मी तिचं डोकं मांडीवर ओढून घेतलं.

"शिवलीस!" आत्याबाई उंबऱ्यातून ओरडल्या.

"व्हय आत्याबाई, शिवले. आता माझं बी ताट इकडंच सरकवा."