काय पाहिजे, बाळा?

"पुण्याचाच प्रोग्राम घ्यायचा. बास!"

"अहो बाई, पण त्यात वाचकाला स्वतःला काही शोधताच येत नाही!"

"त्यानं कशाला शोधायचं? मी काय इथं माशा मारायला बसलेय?"

"दिल्लीचा फुकट आहे. कुठलाही शब्द टाका, त्यावरची सगळी पुस्तकं पुढ्यात."

"आणि दिसतो कसा? काळाकुट्ट! आडात वाकून बघितल्यासारखं वाटतं."

भारतीला हसू फुटलं. ग्रंथपाल पुष्पावतीबाई हसल्या नाहीत.

सत्त्याण्णव साल होतं. देवळाली प्रवराच्या वाचनालयात नुकताच कॉम्प्युटर आला होता. त्याला फुलाफुलांचं कव्हर शिवलेलं, त्याच्यासाठी चपला बाहेर काढायचा नवा नियम. पुस्तकं शोधायचे दोन प्रोग्राम आठवडाभर चालवून बघायला ठेवले होते, आणि बाई म्हणतील तो घ्यायचा असं कार्यकारिणीचं ठरलं होतं. नगरला कोर्स करून आलेली गावचीच भारती मदतीला होती. पुण्याच्या कंपनीचा प्रोग्राम फक्त काऊंटरवरून चालायचा, पासवर्ड बाईंचा. दिल्लीहून फ्लॉपीवर आलेला कुणाही वाचकाला चालवता यायचा. बाईंना नेमकं तेच नको होतं.

त्यांचे वडील कारखान्याच्या गोदामात पोती वाहायचे. लहानपणी पुष्पा याच वाचनालयाच्या दारात तासन्‌तास उभी राहायची. कुणी हाकललं नाही, पण काय पाहिजे म्हणून कुणी विचारलंही नाही. नजरा तिच्या डोक्यावरून निघून जायच्या. पुढं शिकून इथल्याच ग्रंथपालाच्या खुर्चीवर बसल्या, तेव्हापासून दारात सावली पडली रे पडली की बाईंचा आवाज यायचा, "काय पाहिजे, बाळा?" बाळ सत्तरीचं असलं तरी.

दूधवाले गोरक्षनाथ काका म्हणायचे, "बाई, मागच्यावानी लई रडवनारं द्या. आन म्हशीच्या गोचिडावर काय हाय का?"

"आहे की!" पुस्तकांची यादी असलेल्या कार्डांच्या लाकडी खणाला हातही न लावता बाई उठायच्या आणि दोन्ही पुस्तकं घेऊन यायच्या. एकात गोचीड, एकात रडणं.

आता लोक पडद्याला विचारणार. मग आपल्याला कोण विचारणार? हे बाई बोलल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "वीज गेली की काय करशील?"

"तेव्हा तुम्ही आहातच की." भारती खुर्ची ओढून जवळ बसली. "बाई, मी दहावीत असताना रोज इथं यायचे. आठवतं?"

"न आठवायला काय झालं? पाककृतीची पुस्तकं न्यायचीस, एकापाठोपाठ एक. मला वाटायचं, पोरीला रांधायचा भारी नाद."

"मला अजून धड आमटी जमत नाही."

"मग नेत का होतीस?"

भारतीनं दाराकडं पाहिलं. कुणी नव्हतं. तरी तिचा आवाज खाली आलाच. "मला पाळीबद्दल वाचायचं होतं. आईला विचारायची सोय नव्हती. वाटायचं, आपल्याला कसला तरी मोठा रोग झालाय, आपण मरणार. रोज ठरवून यायचे. तुम्ही मायेनं विचारायचात, काय पाहिजे, बाळा? आणि मागं गोरक्षनाथ काका उभे! तोंडातून निघायचं, पाककृती."

"अगं, पुस्तक होतं की त्यावर. तिसऱ्या कपाटात, वरच्या फळीवर. मला नुसतं…"

"आज सकाळी कळलं मला. दिल्लीच्या प्रोग्रामात एक शब्द टाकला, आलं." भारती हसली. "इतकी वर्षं माझ्या डोक्यावरच होतं ते."

बाईंनी कार्डांचा एक खण उघडला, तसाच बंद केला. जुन्या पुठ्ठ्याचा वास क्षणभर दरवळला. बाहेर उसाची ट्रॉली खडखडत गेली.

"मग बाई, काय लिहून देऊ? पुणं का दिल्ली?"

पुष्पावतीबाई उठल्या. कॉम्प्युटरचं टेबल दोन्ही हातांनी धरून त्यांनी ते इंच इंच ओढत खिडकीच्या कोपऱ्यात नेलं. वायर जेमतेम पुरली. मग त्यांनी ते असं फिरवलं, की पडद्याची पाठ काऊंटरकडं झाली. स्वतःच्या खुर्चीवर बसून बघितलं. काही दिसत नव्हतं. म्हाताऱ्या वाचकांसाठीचं स्टूल उचलून पडद्यासमोर ठेवलं, पदरानं पुसलं.

"बाई? अहो, दिल्ली ना?"

बाईंनी दारातल्या चपला पायात सरकवल्या आणि भारतीला पडद्यापाशी एकटीला सोडून, मागं न बघता त्या उन्हात निघून गेल्या.