लांबलेलं ऑपरेशन आणि विहीणबाईंचं गंगाजल

तुळशीचं पान माझ्या नवऱ्याच्या ओठांपर्यंत आलं, तेव्हा मी विहीणबाईंचं मनगट धरलं.

"सोडा हो," त्या म्हणाल्या. "दोनच थेंब. ऐन वेळी गंगाजल मिळालं नाही, तर जन्मभर मनाला लागून राहील."

"कुणाच्या?" मी विचारलं.

आमचे हे आयसीयूत होते. हृदयाचं ऑपरेशन होऊन तीन दिवस झालेले. तोंडात श्वासाची नळी. झोपेचं औषध बंद केलं होतं तरी डोळे उघडत नव्हते. तोंडात पाणी घालायचं नाही, ते फुप्फुसात जाऊ शकतं, असं नर्सनं पहिल्याच दिवशी बजावलं होतं. विहीणबाईंना वाटत होतं, ते थेट स्वर्गात जातं.

विहीणबाई म्हणजे माझ्या मुलाची सासू. इकडे इंग्लंडातच, रीडिंग गावात राहतात. लोक घरात पॅरासिटामॉल ठेवतात, तशा त्या गंगाजलाचा सीलबंद गडू ठेवतात. गेल्या वर्षी त्यांच्या यजमानांचंही असंच ऑपरेशन झालं होतं. तेव्हापासून त्या हृदयरोगतज्ज्ञ आहेत. "आमच्या ह्यांचं तीन तासांत आटोपलं," हे वाक्य त्या पोरगा बोर्डात आल्यासारखं सांगतात.

आमच्या ह्यांचं चार तासांचं सांगून नऊ तास चाललं. मी बाहेर कँटीनचं सँडविच घेऊन बसले होते. स्लाऊच्या फॅक्टरीत जन्मभर सँडविचंच पॅक केली, त्यामुळे त्याच्याकडून माझी काही अपेक्षा नव्हती. मुलगा सॉफ्टवेअरवाला. तो फोनमध्ये वाचत होता.

"आई, जितका जास्त वेळ हार्ट-लंग मशीनवर, तितकी रिकव्हरी कठीण असते."

"मग आत जाऊन सांग त्यांना, आटपा म्हणावं."

"आई, प्लीज."

त्यानं पुण्याला कळवलं. लगेच नातेवाइकांच्या ग्रुपवर जोडलेल्या हातांची चित्रं पडू लागली. माणूस अजून टेबलावर होता, पण ग्रुपनं त्याला पोचवूनही टाकलं.

शेवटी सर्जनबाई आल्या आणि शेजारच्या खुर्चीत मटकन बसल्या. म्हणाल्या, हृदयाच्या झडपेवर चुना साठून दगड झाला होता. तो कणाकणानं काढावा लागला. एक तुकडा सुटून मेंदूत गेला असता, तर संपलं होतं. जागं व्हायला वेळ लागेल, पण वेळ लागतोय म्हणजे सगळं संपलं असं समजू नका.

मुलगा मला मराठीत समजावू लागला. गरज नव्हती. आमच्याकडच्या पाण्यानं किटलीच्या तळाला चुन्याचा थर बसतो. घाईनं सुरी लावली की थर निघतो आणि किटलीही गळते. मी चौथी पास आहे, पण किटल्या पुष्कळ पाहिल्यात.

तर त्या तिसऱ्या दिवशी मी मनगट धरून उभी, आणि नर्स आली. गडूकडे बघून तिनं विचारलं, हे काय? विहीणबाई म्हणाल्या, "होली वॉटर." नर्स म्हणाली, कपाळाला लावा हवं तर, तोंडात काही नाही.

"कपाळाला लावून काय होतं?" विहीणबाई मला मराठीत म्हणाल्या.

"तोंडात घालून जे होईल ते होत नाही."

त्या बाहेर जाऊन रडल्या. माझ्या सुनेला, म्हणजे स्वतःच्या लेकीला म्हणाल्या, तुझ्या सासूला काळीजच नाही. जागा मात्र योग्य निवडली होती, हार्ट वॉर्डाचा दरवाजा.

मी खंबीर होते असं कुणी समजू नये. त्या नऊ तासांची धास्ती मलाही होतीच. मनगट धरताना मनात आलंच, हिचं खरं निघालं तर? पण खरं निघणार असलं, तरी त्याला हातभार लावायला मी बांधलेली नव्हते.

पाचव्या दिवशी ह्यांनी डोळे उघडले. नळी निघाली. माझ्याकडे बराच वेळ बघून घोगऱ्या आवाजात म्हणाले, "सिस्टर, तुम्ही फार कडक आहात. माझ्या बायकोला बोलवा."

"ती याहून कडक आहे," मी म्हटलं.

नर्स म्हणाली, मोठ्या ऑपरेशननंतर असा गोंधळ होतो, मनाला लावून घेऊ नका. मी कशाला लावून घेऊ? लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच त्यांनी मला अहोजाहो केलं होतं.

मुलाचा फोन खोटं बोलत नव्हता, हेही सांगायला हवं. व्याही त्यांच्या ऑपरेशननंतर महिन्याभरात मेडनहेडला गोल्फ खेळायला गेले होते. ह्यांना बागेच्या फाटकापर्यंत जायला उन्हाळा उजाडला. खोकला आला की गुंडाळलेला टॉवेल छातीशी धरायचे, गॅस चालू ठेवून विसरायचे, आणि "चमचा" हा शब्द आठवेना म्हणून माझ्यावर चिडायचे. व्याही फोनवर विचारायचे, "काय, अजून जिने नाही चढत?" हे म्हणायचे, "मला वरती पाठवायची घाई तुमच्या घरच्यांना. मला नाही."

अजूनही सावकाश चालतात. पण त्या ऑपरेशनातून हे वाचले.