हनोईतले हिरवे पोहे

आमच्या शेती कॉलेजातून आम्ही आठ जण आणि सर भातशेती बघायला व्हिएतनामला गेलो होतो. आठवडाभर चिखलात फिरलो, वह्या भरल्या, आणि शेवटचा दिवस हनोई शहर बघायला राखून ठेवला. सर जुन्नरचे, वेळेला पक्के. त्यांनी कागदावर लिहूनच आणलं होतं: सकाळी देऊळ, मग संग्रहालय, मग तळं, चार वाजता बाहुल्यांचा खेळ.

बाकीचे सात जण जुन्नर-येडगावकडच्या बागायतदारांची मुलं. शिनोलीच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या घरातली मी एकटी. माझं बोलणं त्यांच्यापेक्षा रांगडं, म्हणून वर्गात मी तोंड फारसं उघडायची नाही.

देऊळ बघून झालं. संग्रहालय रस्त्याच्या पलीकडे दिसत होतं, पण मधून स्कूटरींचा लोंढा वाहत होता. "थांबू जरा, गर्दी ओसरेल," सर म्हणाले. वीस मिनिटं झाली तरी ओसरेना. इतक्यात मागून एक बाई आली. माझ्या आईपेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठी असेल. खांद्यावर कावड, दोन्ही टोकांना टोपल्या. तिनं आमच्याकडे एकदा पाहिलं, सरांचं मनगट धरलं आणि सरळ रस्त्यात उतरली.

ती पळाली नाही की थांबली नाही. एका चालीनं चालत राहिली आणि स्कूटरी तिला वळसा घालून जात राहिल्या. आम्ही एकमेकांचे शर्ट धरून मागोमाग. पलीकडे पोचल्यावर सर घामानं निथळत म्हणाले, "राव, घाटात बी कधी एवढा घाबरलो न्हाई!"

वर्गात पुस्तकी मराठी बोलणाऱ्या सरांच्या तोंडून 'न्हाई' ऐकून आम्हाला हसू आवरेना. शेवटी तेही हसले.

बाईनं तिथंच फुटपाथवर टोपल्या उतरवल्या आणि वरचं कमळाचं पान बाजूला केलं. आत हिरवेगार, मऊ, चपटे दाणे. वास आला आणि मी खालीच बसले. भात पिकायच्या थोडं आधी आई कोवळ्या लोंब्या कापून आणते, भाजते, उखळात कांडते. तेच हे पोहे! मी मुसळ मारल्यासारखे हात करून दाखवले. बाईचे डोळे मोठे झाले. तिनंही तसेच हात केले आणि माझ्या तळहातावर मूठभर पोहे ठेवले.

मला राहवेना. मी आईला व्हिडिओ कॉल लावला. घरी तेव्हा सकाळचे साडेनऊ. आई बांधावर होती, तिथंच काय ती रेंज मिळते.

"आये, बघ, इथं बी आपल्यासारखं पोहं!"

"अगं बया! त्या बाईला दाव मला," आई म्हणाली आणि फोनमधूनच ओरडली, "राम राम बाई! तुमचं भात झालं का?"

बाई तिच्या भाषेत खूप काही बोलली, मग हात उभा धरून आडवा केला.

"बघ, तिचं बी भात पडलं. वारं लई झालं आसंल."

"तुला गं कसं कळलं?"

"हात न्हाई का केला तिनं आडवा?"

मग आईनं लोंबी तोडून कॅमेऱ्यापुढे धरली. बाईनं शेजारच्या चहावालीला हाक मारून बोलावलं. दोघी फोनवर वाकून लोंबीचे दाणे मोजू लागल्या. सरांनी डोकं पुढे केलं, "वहिनी, पोरगी नीट हाय बरं का."

"ते ऱ्हाऊ द्या सर, तुमी पोहं खाल्लं का?"

सरांनी खाल्ले. बाईनं दाखवलं तसं पिकलेल्या केळ्याबरोबर. आम्ही सगळ्यांनीच खाल्ले, टोपली जवळजवळ रिकामी केली. सरांनी पैसे दिले, तेव्हा उरलेले पोहे बाईनं कमळाच्या पानात बांधून दिले. बाईनं निघताना फोनमधल्या आईला हात हलवला आणि कावड उचलून गल्लीत शिरली.

तोवर संग्रहालयाचं दार दुपारच्या सुट्टीसाठी बंद झालं होतं. सर कागद काढतील, चिडतील असं वाटलं. ते म्हणाले, "चला, तळ्यावर बसू."

तळ्याकाठी सावलीत उरलेले पोहे मधे ठेवून आम्ही बसलो. येडगावची मैत्रीण, जिच्या घरी द्राक्षं आणि कांदा, ती म्हणाली, "ए, सांग ना, कसे कांडतात हे? कच्चा दाणा चेचला जात नाही का?"

मी सांगायला लागले. हळव्या, म्हणजे लवकर पिकणाऱ्या भाताच्या लोंब्या कधी कापायच्या, तवा किती तापवायचा, मुसळाचा घाव हलका कसा ठेवायचा, तूस कसं पाखडायचं. आमच्या बोलीतच सांगत होते, हे अर्ध्यावर लक्षात आलं, आणि तशीच पुढे बोलत राहिले. कुणी हसलं नाही. सरांनी दोनदा मधेच थांबवून विचारलं, "तुमच्याकडचं हळवं भात किती दिवसांचं?" आणि वही मांडीवर घेऊन लिहून घेतलं.